बोल, हुकूम काय?

आमच्या मल्हारगंजातल्या घरात फडताळाच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात लाल खणाची एक पुरचुंडी असायची. आत पत्त्यांचा एक जोड, मूठभर चिंचोके आणि वहीचा एक कागद. कागदावर आजीच्या हातचे सहा नियम होते. आजी सोलापूरकडची, चार यत्ता शिकलेली. तिचं अक्षर मोठं आणि सुटं होतं, लहान मुलानं पाटीवर काढावं तसं.

आजी जाऊन आता एकवीस वर्षं झाली. तेव्हापासून पुरचुंडी बांधलेलीच होती. ती मागच्या वर्षी मी सोडली. का सोडली ते शेवटी सांगते. आधी खेळ सांगते, कारण खेळ ठाऊक नसेल तर नियमांतलं मर्म कळायचं नाही.

खेळ साधाच, पाच-तीन-दोन. तुमच्यापैकी बहुतेकींनी मे महिन्याच्या सुट्टीत तो खेळलेला असेल. मी सात वर्षांची असताना शिकले. त्याआधी बदाम सात आणि गुलाम चोर येत होते, पण त्यांत मला 'कच्चं लिंबू' म्हणून बसवलेलं असायचं. पाच-तीन-दोनमध्ये कच्चं लिंबू चालत नाही. खेळणारे तीनच, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर त्याचे हात.

बावन्न पत्त्यांतून तीस निवडायचे. चारही रंगांचे एक्का, राजा, राणी, गुलाम, दश्शी, नव्वी आणि अठ्ठी मिळून अठ्ठावीस होतात. वर इस्पिकची आणि बदामची सत्ती घातली की तीस. तिघांना दहा-दहा. आधी पाच-पाच वाटायचे. ज्याच्यावर पाच हातांची पाळी, त्यानं ते पाचच पत्ते बघून हुकूम बोलायचा. उरलेले पाच अजून आलेले नसतात. म्हणजे अर्धं माहीत, अर्धं अंधारात, आणि बोलायचं तर आत्ताच. त्याला पाच हात करावे लागतात, एकाला तीन आणि पत्ते वाटणाऱ्याला दोन. खाली पडलेल्या रंगाचा पत्ता हातात असेल तर तोच टाकायचा. नसेल तर हुकूम टाकून हात घेता येतो.

कुणाचा हात कमी पडला तर तो हिशेब पुढच्या डावात चुकता होतो. ज्याला जास्त झाला तो कमी पडलेल्याच्या हातातून, न बघता, एक पत्ता ओढतो आणि बदल्यात आपल्याकडचा एक देतो. दोन कमी पडले तर दोन ओढतो. बहुतेक घरांत बदल्यात हवा तो पत्ता देतात, म्हणजे एक्का ओढायचा आणि फालतू अठ्ठी टेकवायची. आमच्या घरी तसं चालत नसे. त्याची गोष्ट पुढे येते.

मला शिकवताना आजी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची, ''आपल्या हातात काय आहे ते कुणालाही दिसतं गं. खाली काय पडलं ते लक्षात ठेव.'' पहिल्या दिवशी मला पाचांपैकी दोन हात झाले. रडले. आजीनं समजूत घातली नाही. ''पाच, तीन, दोन, बेरीज किती?'' तिनं विचारलं. ''दहा.'' ''मग तुझे तीन कुठे गेले ते शोध. हवेत नाही गेले.'' मी शोधले. दोन काकूकडे गेले होते, एक तिच्याकडे. हिशेब लागला आणि रडूही थांबलं.

पत्त्यांचं माहेर

पत्ते आपल्याकडे इंग्रजांनी आणले असं आपण समजतो. चार रंगांचा, बावन्न पानांचा जोड युरोपातून आला हे खरं. पण पत्ते त्याच्याही आधी होते. त्यांना गंजिफा म्हणत, आणि ते गोल होते. बाबरनाम्यात 1527 सालची नोंद आहे, बाबरानं सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची. अकबराच्या दरबारात बारा रंगांचा जोड होता. प्रत्येक रंगात बारा पानं, एकूण 144. अबुल फजलनं आईन-ए-अकबरीत त्याचं वर्णन केलं आहे. पुढे आठ रंगांचा, 96 पानांचा मोगली गंजिफा रूढ झाला, आणि आपल्याकडे दशावतारी. त्यात मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पानं, म्हणजे 120.

हे पत्ते हातानं रंगवत. कापडाचे नाही तर कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीनं चिकटवायचे, घोटून गुळगुळीत करायचे, वर चित्र आणि लाखेचा हात. राजेरजवाड्यांसाठी हस्तिदंती आणि कासवाच्या पाठीचेही होत. प्रत्येक रंगात वरचं पान राजाचं, त्याखालचं प्रधानाचं, मग दहा साधी पानं. निम्म्या रंगांत दश्शी मोठी आणि एक्का लहान, उरलेल्या निम्म्यांत उलटं. दशावतारी खेळात दिवसा खेळ मांडला तर रामाचा राजा ज्याच्याकडे त्यानं सुरुवात करायची, आणि रात्री मांडला तर कृष्णाचा. म्हणजे घड्याळ बघून खेळाचा नियम बदलायचा. आमच्या आजीला हे ठाऊक असतं तर तिला फार आवडलं असतं. तिचा दुसरा नियम त्याच जातीचा होता.

गंजिफाचं आपल्याकडचं मोठं घर म्हणजे सावंतवाडी. तिथले चितारी लोक हे पत्ते रंगवायचे. छापील जोड स्वस्त झाले तसं त्यांचं काम आटलं. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला सावंतवाडीचे राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी जुन्या चिताऱ्याकडून ही कला शिकून घेतली आणि राजवाड्यातच तिचं काम पुन्हा सुरू केलं. एका राणीनं मांडी घालून पत्ते रंगवले, म्हणून ते आज आपल्याला बघायला मिळतात.

आणि राणीचं पान? ते गंजिफात नसतं. राजा आणि प्रधान, दोन्ही पुरुष. अकबराच्या बारा रंगांत तेवढा एक रंग बायकांचा होता. त्यात सिंहासनावर राणी आणि तिची प्रधानही बाई. पुढच्या जोडांत तो रंग राहिला नाही. आपल्या हातात राणी आली ती युरोपी जोडाबरोबर. तीसुद्धा राजाच्या खाली, पण गुलामाच्या वर, आणि मुख्य म्हणजे तिच्या नावावर हात लागतो. मला लहानपणी बदामची राणी आली की उगाच आनंद व्हायचा. काकू म्हणायची, ''अगं, तोंडावर दिसतंय तुझ्या!''

एकाच शब्दाचे दोन अर्थ

इंदूर होळकरांचं गाव. मराठी माणसं इथे लष्कराबरोबर आली, कारकुनीला आली, आमच्यासारखी काही जैन घरं कापसाच्या व्यापाराच्या मागोमाग आली. घरात मराठी, ओट्यावर हिंदी आणि दोन्हींत माळव्याचा सूर, अशी आमची भाषा. पत्त्यांतही तेच.

आम्ही इस्पिक, बदाम, चौकट, किलवर म्हणायचो. शेजारची मुलं म्हणायची हुकुम, पान, ईंट, चिडी. म्हणजे आमचा हुकूम वेगळा, त्यांचा वेगळा. आम्हा मराठी लोकांत हुकूम म्हणजे त्या डावात वरचढ ठरवलेला रंग. हिंदीत हुकुम म्हणजे इस्पिकच, मग वरचढ रंग कुठलाही असो. वरचढ रंगाला ते तुरुप म्हणतात. शेजारची मैत्रीण पहिल्यांदा आमच्याकडे खेळायला आली. मी ऐटीत म्हटलं, ''हुकूम बदाम!'' ती म्हणाली, ''हुकुम तो काला होता है, और बादाम तो खाने का होता है. तू बोल क्या रही है?'' घर हसलं. त्या दिवसापासून आमच्याकडे पाहुणं आलं की आधी विचारायचं, ''तुमचा हुकूम की आमचा?''

हसण्यावारी गेली तरी गोष्ट लहान नाही. खेळ एकच असतो, पण प्रत्येक घर तो आपल्या भाषेत आणि आपल्या अनुभवातून पुन्हा घडवतं. पुस्तकात एक नियम असतो, घरात दुसरा. आणि घरचा नियम का आला हे विचारत गेलं की त्या घराचा इतिहास हाती लागतो. आजीच्या कागदानं मला हे शिकवलं.

आजीचा कागद

ते सहा नियम तिच्याच शब्दांत देते.

1. पैसा नाही. चिंचोके मोजायला. घरी न्यायला नाहीत.

2. आरती झाल्यावर खेळ. चातुर्मासात रात्री नाही. दशलक्षणात पुरचुंडी सोडायची नाही.

3. मारला, कापला असं बोलायचं नाही.

4. पहिला हुकूम घरातल्या सगळ्यात नव्या माणसानं बोलायचा.

5. ओढलेल्या पत्त्याच्या रंगाचाच पत्ता परत द्यायचा. नसला तर दुसरा.

6. जो रागावून उठला त्याला बोलवायला जिंकणाऱ्यानं जायचं.

आता यातला जैनपणा आपल्या वाचक भगिनींना सांगायला नको. सात व्यसनांत पहिलं द्यूत. वसुनंदी आचार्यांच्या श्रावकाचारात या सातांचं विवेचन आहे आणि द्यूताला उदाहरण युधिष्ठिराचं, राज्य घालवून वनवासाला गेलेल्याचं. लहानपणी पाठशाळेत पंडितजी ही सात नावं पाठ करून घ्यायचे आणि मी घरी येऊन आजीसमोर पत्ते पिसत बसायची. मला भीती वाटायची. एकदा गावात चातुर्मासाला आलेल्या आर्यिका माताजींना आजीनंच विचारलं, ''माताजी, घरात पत्ते खेळतो. दोष आहे का?'' त्यांनी उलट विचारलं, ''पैसा लागतो?'' ''नाही.'' ''मग लोभ गेला. क्रोध, मान, माया उरले. त्यांच्याकडे लक्ष असू द्या.''

आजीनं ते मनावर घेतलं. हरल्यावर येतो तो क्रोध. जिंकल्यावर चढतो तो मान. पत्ता लपवला ती माया. सहावा नियम क्रोधाचा आणि मानाचा दोन्हींचा इलाज होता. हरलेला धुसफुसत ओट्यावर जाऊन बसायचा आणि जिंकणाऱ्याला पायऱ्या उतरून त्याची मनधरणी करावी लागायची. तेवढ्यात जिंकल्याची मिजास निम्मी उतरायची.

दुसऱ्या नियमामागचं कारण दिव्याचं. पावसाळ्यात दिव्यावर किडे-पाखरं झेप घेतात. पोटापाण्याच्या कामासाठी दिवा लावावा लागतो, पण गमतीसाठी कशाला? म्हणून चातुर्मासात रात्रीचा खेळ बंद. इतर दिवसांत मात्र संध्याकाळ मोठी असायची. सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकलेली, चूल झाकलेली, भांडी घासून पालथी घातलेली. बाकीच्या घरांत बायका रात्री नऊपर्यंत चुलीपाशी, तेव्हा आमच्या घरात सात वाजता त्या मोकळ्या. आमच्याकडे पत्ते रुजले ते या रिकाम्या दोन तासांमुळे असं मला वाटतं.

भाद्रपदातले दशलक्षणाचे दहा दिवस पुरचुंडी बंद. क्षमावाणीच्या दुसऱ्या दिवशी ती सोडायची तेव्हा पहिला पत्ता वाटण्याआधी प्रत्येकानं प्रत्येकाला 'उत्तम क्षमा' म्हणायचं, वर्षभरात पत्त्यांवरून झालेल्या भांडणांसाठी वेगळं! देवळात क्षमा मागणं सोपं असतं. काकूनं माझा एक्का बघितला होता त्याबद्दल तिनं मला, आठ वर्षांच्या मुलीला, हात जोडून क्षमा मागितली, ते मी अजून विसरले नाही.

तिसरा नियम बोलण्याचा. भाजी कापली म्हणायचं नाही, सुधारली म्हणायचं, हे माळव्यातल्या पुष्कळ जैन घरांत आहे. तेच पत्त्यांना. 'मी तुझा राजा मारला' नाही, 'हात उचलला'. 'हुकूमानं कापलं' नाही, 'हुकूम ठेवला'. दादा याची थट्टा करायचा. पण शब्द बदलला की आवाजही बदलतो. 'मारला' म्हणताना हात आपोआप जमिनीवर आपटतो. 'उचलला' म्हणताना आपटत नाही. करून बघा.

आपल्या परंपरेत खेळ अगदीच वर्ज्य होता असंही नाही. जुन्या जैन घरांत ज्ञानबाजीचा पट असायचा. आज मुलं सापशिडी खेळतात तिचंच हे जुनं रूप. बहुतेक पट 84 घरांचे, वर टोकाला सिद्धशिला. सद्गुणाच्या घरातून शिडी, दोषाच्या घरात साप. पर्युषणात उपवासाच्या दिवशी हा पट मांडायची चाल होती. महाराष्ट्रात मोक्षपट ज्ञानेश्वरांच्या नावानं सांगतात, तोही याच कुळातला. फरक एवढाच की ज्ञानबाजीत कवडी पडेल तसं जायचं, आपल्या हाती काही नसतं. आजी म्हणायची, ''पत्ते वाटले जातात तो कर्माचा उदय. कुठला कधी टाकायचा तो पुरुषार्थ. दोन्ही लागतात.''

पाटल्या

पहिला, चौथा आणि पाचवा नियम उरले. ते धर्मातून आले नाहीत. ते आमच्या घरच्या एका जखमेतून आले.

स्वातंत्र्याच्या आधीची गोष्ट. त्या काळात इंदूरच्या बाजारात अफू आणि कापूस यांचा मोठा व्यापार होता, आणि जोडीला वायदा. माल डोळ्यांनी न बघता भावावर बोली लावायची. त्यातून काहींचे वाडे उठले, काहींचे बसले. आमच्या पणजोबांच्या धाकट्या भावानं कापसाच्या वायद्यात पैसे घालवले. पहिल्यांदा स्वतःचे, मग पेढीचे. देणी भागवायला वाड्याचा पुढचा भाग विकावा लागला. तरीही कमी पडलं तेव्हा घरातलं सोनं निघालं. त्यात आजीच्या पाटल्या होत्या, माहेरून आलेल्या. आजी तेव्हा सतरा-अठरा वर्षांची, घरातली सगळ्यात धाकटी सून. फडताळाची किल्ली सासूबाईंकडे. एका दुपारी फडताळ उघडलं, डबा बाहेर गेला, रिकामा परत आला. ''मला कुणी विचारलं नाही,'' आजी सांगायची. ''नाही म्हटलं नसतंच मी. पण विचारलं नाही.''

महाभारतातल्या द्यूताची गोष्ट ऐकताना आपण युधिष्ठिर आणि शकुनी यांच्याकडे बघतो. पणाला लागलेलीनं काय प्रश्न विचारला तिकडे उशिरा लक्ष जातं.

त्यानंतर घर बोलेनासं झालं. भाऊ भावाशी बोलत नव्हता. चार खोल्यांत तीन बिऱ्हाडं आणि संध्याकाळी जेवणं झाली की नुसता दिवा. आजीच्या भावानं तिला एक पत्त्यांचा जोड दिला होता. ती, तिची जाऊ आणि नणंद आतल्या खोलीत हळू आवाजात खेळायच्या. एक दिवस नणंद सासरी परत गेली. दोघींत पाच-तीन-दोन होत नाही. पत्ते तसेच पडले होते. तेवढ्यात सासरे, म्हणजे माझे पणजोबा, दारात आले. दोघींनी पदर पुढे ओढला. आता पत्ते फेकून देतील, असं आजीला वाटलं. ते आत आले, नणंदेच्या जागी बसले, पत्ते पिसले आणि वाटायला लागले.

पाच हातांची पाळी आजीची आली. त्या काळी सुना सासऱ्यांसमोर बोलत नसत. लग्न होऊन दोन वर्षं झाली होती, आजीनं त्यांच्यासमोर एक अक्षर काढलेलं नव्हतं. लागेल ते जावेनं सांगायचं. पण हुकूम दुसऱ्यानं कसा बोलायचा? पत्ते तर हिच्या हातात. खोली गप्प. मग पणजोबाच म्हणाले, ''बोल सूनबाई, हुकूम काय?''

आजी म्हणाली, ''बदाम.''

सासऱ्यांशी बोललेला तिचा तो पहिला शब्द. ती हे हसत सांगायची. मी मोठी झाल्यावर मला त्यात हसण्यासारखं काही दिसेना.

आजीला चारच हात झाले, एक कमी. पणजोबांना दोन करायचे होते, तीन झाले. पुढच्या डावात त्यांनी तिच्या हातातला एक पत्ता ओढला, तो निघाला चौकटचा एक्का. आता त्या बदल्यात अठ्ठी येणार हे तिनं गृहीत धरलं होतं. त्यांनी चौकटची राणी दिली. जाऊ म्हणाली, ''मामंजी, अठ्ठी द्यायची असते.'' ते म्हणाले, ''वसूल करायचं असतं गं. समोरच्याला उघडं पाडायचं नसतं.'' घरात सहा महिन्यांत कुणी वसुलीचा विषय काढला नव्हता. दारापलीकडे त्यांचा धाकटा भाऊ बसलेला होता. त्यानं ते ऐकलं असणार. काही दिवसांनी तोही खेळायला बसू लागला. पाटल्या परत आल्या नाहीत. कुणी क्षमाही मागितली नाही. पण घर बोलायला लागलं.

कागद आजीनं पुष्कळ वर्षांनी लिहिला, स्वतः सासू झाल्यावर. माझी आई या घरात आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात आजीनं पुरचुंडी सोडली आणि आजोबांसमोर तिला बसवलं. चौथा नियम तिथला. नव्या माणसाला आधी बोलू द्यायचं. त्यात मान आहे आणि ओझंही, कारण बोलेल त्याला पाच हात करावे लागतात.

पुरचुंडी का सोडली

आता मागच्या वर्षाची गोष्ट. माझ्या भाच्यानं फोनवर पैशांची रमी खेळून बरीच रक्कम घालवली. चोवीस वर्षांचा मुलगा, शिकलेला, देवळात जाणारा. पहिल्यांदा पगार गेला, मग कर्ज काढलं, मग ते फेडायला दुसरं. वहिनीला कळलं ते तिच्या बांगड्या गहाण पडल्यानंतर. लॉकरची किल्ली दादाकडे होती. दादानंच बांगड्या नेल्या होत्या, मुलाला वाचवायला. तिला त्रास नको म्हणून सांगितलं नव्हतं. वहिनी फोनवर मला एवढंच म्हणाली, ''ताई, मला कुणी विचारलं नाही.''

मी दुसऱ्या दिवशी माहेरी गेले.

कायद्याचं थोडं सांगते, कारण भाचा तेच सांगत होता. 1867 च्या सार्वजनिक जुगार कायद्यानं निव्वळ कौशल्याच्या खेळांना वगळलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं 1967 साली रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला, पडलेले पत्ते लक्षात ठेवावे लागतात म्हणून. आजीचंच वाक्य! पण खेळ कौशल्याचा असला तरी त्यात पैसा लावला की हरणाऱ्याचं घर रिकामं होतंच. पुढे 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेनं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला. चांगलं झालं. आमच्या घराला मात्र तो उशिरा भेटला.

माझ्या मनाला लागली ती दुसरीच गोष्ट. भाचा या घरात कधी पत्ते खेळलेलाच नव्हता. आजी गेली आणि आम्ही पुरचुंडी बांधून ठेवली. आम्हाला ते आदराचं वाटलं. आई अभ्यासाच्या काळजीनं म्हणायची, पत्ते नकोत. तेव्हा हरणं म्हणजे काय हे तो चिंचोक्यांवर शिकला नाही, एकटा, दार लावून, पैशांवर शिकला. पत्ते घरात नसले म्हणजे जुगार घरात येत नाही, ही आपली समजूत. आमच्याकडे तर तो खिशातून आला.

घरात पुन्हा तीच शांतता होती. संध्याकाळी, आरती झाल्यावर, मी फडताळावरून पुरचुंडी काढली. दादा म्हणाला, ''तुला काही कळतं का? या घरात आज पत्ते?'' मी कागद त्याच्या हातात दिला. त्यानं तो वाचला, दोनदा वाचला, आणि पत्ते पिसायला घेतले. भाचा नको म्हणत होता. वहिनीनं त्याला हाताला धरून बसवलं.

सगळ्यात नवं माणूस तोच. पाच पत्ते हातात घेऊन तो बघतच राहिला. मग वहिनी त्याला म्हणाली, ''बोल, हुकूम काय?''

तो म्हणाला, ''इस्पिक.''

त्याला तीन हात झाले. दोन कमी. पुढच्या डावात वहिनीनं त्याचे दोन पत्ते ओढले आणि त्याच रंगांचे दोन परत दिले. पाचवा नियम तिला मी सांगितला नव्हता, तिनं कागदावर वाचला होता. दुसऱ्या डावानंतर मुलगा उठून ओट्यावर गेला. जिंकला होता दादा. तो पायऱ्या उतरून त्याच्याजवळ जाऊन बसला. बराच वेळ दोघं आले नाहीत. आम्ही बोलवलंही नाही.

पत्त्यांनी काही सुटलं असं मी म्हणणार नाही. कर्जाचे हप्ते अजून चालू आहेत, बांगड्या अजून सुटायच्या आहेत. मुलगा एका समुपदेशकाकडे जातो, आणि ते फार गरजेचं होतं. तुमच्या घरात असं काही असेल तर लपवू नका, आधी तिकडे जा. पण रविवारी संध्याकाळी आमच्याकडे पुन्हा डाव पडतो, आणि हरलेला माणूस सगळ्यांसमोर हरतो.

त्या रात्री आवरताना वहिनीनं कागद मागितला. माझ्या पर्समधलं बॉलपेन घेतलं आणि आजीच्या सहा नियमांखाली, बारीक अक्षरात, सातवा लिहिला :

7. दागिना घराबाहेर जायचा तर जिचा तिला विचारून.

दादा म्हणाला, ''हा काही पत्त्यांचा नियम नाही.''

वहिनीनं कागदाची घडी घातली, चिंचोक्यांवर ठेवली आणि पुरचुंडीची गाठ मारली. ''असू दे,'' म्हणाली.